पाळी उसनी द्यावी, पाणी विकू नये

आपल्यापैकी अनेक घरांच्या माळ्यावर फडक्यात बांधलेले मोडी कागदांचे एखादे गाठोडे अजून असेल. त्यात इनामाचा कागद असला, तर जमीन देताना वापरलेली एक ठरीव शब्दावली त्यात हमखास सापडते: 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप' यांसह ही जमीन दिली असे. यांपैकी निधी आणि निक्षेप आपल्या पूर्वजांपैकी कोणाला सापडल्याचे ऐकिवात नाही. परंतु यादीतला पहिला मान पाण्याचा आहे, आणि ते पाणी जमिनीपासून सोडवून दिलेले नाही, ही गोष्ट त्या कागदांवरून स्पष्ट होते. विहीर शिवारात राहिली, ओढा शिवारातून वाहिला. मालक बदलला तरी पाण्याचा पत्ता बदलला नाही.

गेली तीस-चाळीस वर्षे जगात अनेक ठिकाणी ही गाठ सोडण्याचा विचार मांडला जात आहे. पाण्याच्या वाट्याला जमिनीपासून वेगळे करावे, त्याला मोजमाप द्यावे, त्याची नोंदवही करावी, आणि मग धारकाने तो वाटा हवा तर वापरावा, नको तर विकावा, असा तो विचार आहे. आपल्या शेजारच्या राज्यात तो कायद्याच्या पुस्तकात येऊनही बसला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ साली झाला. पाणीवापराच्या हक्कदारीच्या वार्षिक वा हंगामी देवघेवीसाठी निकष ठरवण्याचे काम त्याने प्राधिकरणाकडे सोपवले. त्याच वर्षी जागतिक बँकेच्या कर्जाने महाराष्ट्र जलक्षेत्र सुधार प्रकल्प सुरू झाला. हा योगायोग नव्हता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. (याच कायद्यात दोनांहून अधिक अपत्ये असणाऱ्या शेतकऱ्याला पाणीपट्टी दीडपट आकारण्याचे कलमही होते. पाण्याच्या कायद्यात पाळण्याचा हिशेब कोणाला सुचला असेल, देव जाणे.)

आपण कर्नाटकात, हा कायदा महाराष्ट्राचा. मग आपण याची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मांजरेपाशी आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत आपल्या जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. कागदावर तालुके फाटले, नदी मात्र फाटली नाही. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगवून, धनेगावच्या धरणात अडून, लातूरच्या अंगाने ती आपल्याकडे येते आणि पुढे तेलंगणात निजामसागराला जाते. गोदावरी पाणीतंटा लवादाने १९८० साली राज्याराज्यांत पाणी वाटले. गावागावांत आणि माणसामाणसांत ते कसे वाटावे हा प्रश्न लवादापुढे नव्हता, आणि तो अद्याप कोणी नीट हाती घेतलेला नाही. वरच्या अंगाला पाणी विकाऊ झाले, तर खालच्याने आपण त्या सौद्यात नव्हतो एवढे म्हणून भागणार नाही.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतात: आज पाणी कसे वाटले जाते ते पाहा. कालव्याच्या मुखाशी ऊस डोलतो आणि शेपटाशी ज्वारी करपते. पाणीपट्टी इतकी नाममात्र की पाटाचे दार रात्रभर उघडे राहिले तरी कोणाच्या खिशाला चटका बसत नाही. ज्याची ओळख मोठी त्याचे आवर्तन लांब. अशा व्यवस्थेत पाण्याला किंमत लावली, तर काटकसर करणाऱ्याला उरलेले पाणी विकून चार पैसे मिळतील. उधळणारा आपोआप जागा होईल. आणि कमी मोलाच्या पिकाकडून जास्त मोलाच्या पिकाकडे पाणी कोर्टकचेरीवाचून जाईल. यात खोटे काय आहे? निदान शेवटचे वाक्य सोडले तर आजच्या परिस्थितीचे हे वर्णन खरेच आहे. वशिल्याने वाटले जाणारे पाणी किमतीने वाटले जाणाऱ्या पाण्याहून पवित्र असते, असे मानण्याचे काहीही कारण नाही.

एवढे मान्य करून मी माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगण्यात भूषण नाही.

आमच्या मळ्यातील विहिरीला चार वाटेकरी. पणजोबांनी लिहविलेला पाळ्यांचा मोडी कागद अजून आहे: आठ दिवसांचा फेरा, प्रत्येक घरास दोन दिवस, अमुक महिन्यात अमुक घराने आरंभ करावा, बैल आजारी असल्यास पाळी शेजारच्याशी बदलून घ्यावी. लहानपणी या कागदाचे आम्हांस फार कौतुक होते. त्यातले मर्म मात्र मला साठी उलटल्यावर कळले. त्या कागदात पाण्याचे माप कोठेच नाही. माप आहे ते दिवसांचे. कारण तेव्हा विहिरीवर मोट होती. धावेवर बैलजोडी दिवसभरात किती खेपा घालील, थारोळ्यात किती पाणी पडेल, हे बैलांच्या दमावर ठरलेले असे. बैल थांबले की विहिरीला विसावा मिळे आणि रात्रीतून झऱ्यांनी ती पुन्हा भरे. दिवसाचे माप हेच पाण्याचे माप होते, म्हणून वेगळे लिहिण्याची गरज पडली नाही.

पुढे तेलाचे इंजिन आले, मग विजेची मोटार आली. कागद तोच राहिला. दोन दिवसांच्या पाळीत मोट जेवढे काढी, तेवढे पाणी मोटार काही तासांत काढू लागली, आणि उरलेले तास रिकामे राहू लागले. ते रिकामे तास कोणाचे, हा प्रश्न आम्ही चौघांनी एकमेकांना कधी विचारला नाही. विचारण्याची वेळ आली ती २०१६ च्या उन्हाळ्यात.

तो उन्हाळा वाचकांच्या स्मरणात असेलच. मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा डबे, पाच लाख लिटर पाणी. आपल्या सीमेच्या दोन्ही बाजूंना टँकरचा धंदा तेजीत होता. असाच एक टँकरवाला आमच्या मळ्यावर आला आणि त्याने आमच्या घरच्या पाळीचे पाणी मागितले. विकणारे घर आमचेच होते. इतर वाटेकऱ्यांना विचारावे असे आमच्या धाकट्याने सुचविले, तेव्हा "आपल्याच पाळीचे पाणी, त्याला संमती कशाची?" असे उत्तर देणारा मीच होतो. पाळीच्या दोन्ही रात्री टँकर भरले गेले, पुढल्या फेऱ्यातही भरले गेले. तिसऱ्या फेऱ्याला विहीर चार दिवस उपसा घेईना. शेजारच्या वाटेकऱ्याची लिंबाची बाग त्या उन्हाळ्यात गेली. ओढ्याच्या खालच्या अंगाला, आमच्याच शेतात पिढ्यान्‌पिढ्या खुरपणी-काढणी करणाऱ्या घरांची एक उथळ विहीर होती. आमच्या विहिरीशी तिचा काय संबंध हे आम्हांला कोणी शिकविले नव्हते, तीही आटली. थोरले चुलते काठी टेकीत आले आणि एवढेच विचारून परत गेले: "अरे, तू पाळी विकलीस की विहीर?"

टँकरच्या पैशांतून आम्ही घराचे छत दुरुस्त केले. ते अजून गळत नाही, हेही नमूद करतो.

चुलत्यांच्या त्या प्रश्नात पाणीबाजाराच्या अर्थशास्त्रावरचा सगळ्यांत कठीण आक्षेप दडला आहे. धान्याचे पोते विकले तर शेजाऱ्याच्या कणगीतले धान्य कमी होत नाही. पाण्याचे तसे नाही. रानात सोडलेल्या पाण्यापैकी काही पीक घेते, काही उन्हात उडून जाते, आणि काही मुरते. मुरलेले पाणी खालच्या काळ्या खडकाच्या भेगांतून वाट काढीत कोणाच्या तरी विहिरीत, कोणाच्या तरी ओढ्यात पुन्हा वर येते. म्हणजे माझ्या पाळीच्या पाण्यात शेजाऱ्याच्या झऱ्याचा वाटा असतो, आणि तो कोणत्याही कागदावर लिहिलेला नसतो. मी ते पाणी रानात वापरतो तोवर तो वाटा त्याला न मागता पोहोचतो. मी ते टँकरमध्ये भरतो तेव्हा माझ्या मालकीचे नसलेलेही विकून मोकळा होतो. कालव्यालाही हेच लागू आहे. कालव्याच्या गळतीला आपण उधळपट्टी म्हणतो, आणि त्याच गळतीवर लाभक्षेत्रातल्या विहिरी उन्हाळा काढतात.

विहिरींचा कायदा तर याहून अडाणी आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत काढून घेण्याचा अधिकार जमीनमालकाला दिला. त्या काळी जमिनीखालचे पाणी काढण्याचे साधन मोट हेच होते, आणि खोल विंधनविहीर कोणाच्या स्वप्नातही नव्हती. बैलाच्या दमाने बांधलेला तो हक्क आपण अश्वशक्तीच्या हाती दिला. ज्या देशात सिंचनाचा मोठा भाग भूजलावर चालतो, तेथे कालव्याच्या मोजलेल्या पाण्याचा बाजार मांडणे म्हणजे एका रांजणाला तोटी बसवून शेजारचा रांजण फुटका ठेवण्यासारखे आहे.

येथे कोणी बिदरच्या नौबादेतील कारेजकडे बोट दाखवील, आणि दाखवावेच. बहमनी काळातला तो भुयारी पाट आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे. उतारावरच्या जांभ्या दगडात मुरलेले पाणी त्याने उपशावाचून, केवळ चढउताराच्या हिशेबाने वस्तीपर्यंत आणले. ही विद्या इराणातून आली, आणि त्या इराणात, यझ्दच्या बाजूला, कारेजच्या पाण्याच्या पाळ्या जमिनीपासून वेगळ्या विकल्या गेल्या आहेत, वारसाहक्काने वाटल्या गेल्या आहेत. स्पेनमध्येही हीच दुहेरी परंपरा दिसते. व्हॅलेन्सियाच्या शेतकऱ्यांचे जलन्यायालय कॅथेड्रलच्या दारात दर गुरुवारी बसते, आणि तेथे पाणी जमिनीशी बांधलेले आहे. शेजारच्या आलिकान्ते-एल्चेच्या कोरड्या पट्ट्यात पाण्याचे लिलावही होत आले. म्हणजे पाण्याची विक्री हे केवळ आधुनिक पाप आहे, असे म्हणण्याची सोय नाही.

पण या जुन्या सौद्यांची एक मर्यादा पाहण्यासारखी आहे. कारेजची पाळी कोणीही विकत घेवो, पाणी त्याच भुयारातून, त्याच पाटाने, त्याच गावच्या उतारावर वाहणार. विकत घेणारा पाटकऱ्याच्या नजरेखाली राहणार, आणि गाळ काढण्याच्या वर्गणीतून त्याची सुटका नाही. तेथे पाळी हस्तांतरित होते, पाणी स्थलांतरित होत नाही. आमच्या पणजोबांच्या कागदातील 'पाळी शेजारच्याशी बदलून घ्यावी' या वाक्यात हीच देवघेव आहे. आपल्या भाषेत तिला उसनवारी म्हणतात. साखर उसनी नेणारी शेजारीण आठ दिवसांनी वाटी परत आणते. तिच्यावर कोणी दलाली घेत नाही. नव्या विचारातला बाजार हा नव्हे. त्याला खरेदीदार शहरात हवा, कारखान्यात हवा, औष्णिक वीजकेंद्रात हवा, कारण खरी किंमत तेच देऊ शकतात.

हा बाजार जेथे पुरेपूर चालला, त्या देशांकडे एक नजर टाकू. चिलीने १९८१ च्या जलसंहितेने पाण्याचे हक्क जमिनीपासून तोडले, ते कायमचे दिले आणि विकाऊ केले. पेतोर्का खोऱ्यात अ‍ॅव्होकाडोच्या बागा हिरव्या राहिल्या आणि वस्त्यांना टँकर लागले. शेवटी २०२२ साली त्या देशाला कायदा दुरुस्त करून माणसाच्या पिण्याच्या पाण्याला प्राधान्य आहे असे लिहावे लागले. माणसाने आधी प्यावे हे कायद्याने पुन्हा सांगण्याची पाळी यावी, यातच चाळीस वर्षांचा निकाल आला. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्याचा बाजार जगातला सर्वांत सुव्यवस्थित मानला जातो. तेथे मीटर आहेत, नोंदवह्या आहेत, खातेदार लिहितावाचता आणि सधन आहे. तरीही त्याच देशाच्या स्पर्धा आयोगाने २०२१ च्या अहवालात दलालांवर पुरेसे नियंत्रण नाही, माहिती अपुरी आहे आणि कारभार विस्कळीत आहे, असे ताशेरे ओढले. आपल्याकडे पाटाच्या दारावरचे कुलूप टिकत नाही, तेथे नोंदवहीची गोष्ट कशाला?

आता 'जास्त मोलाच्या पिकाकडे' या शब्दप्रयोगाकडे वळतो. मोल ठरवतो कोण? उसाला केंद्र सरकार रास्त व किफायतशीर दर बांधून देते. कारखाना तोड पाठवतो, पैसे उशिरा देतो पण देतो. तुरीला, उडदाला, ज्वारीला हमीभाव जाहीर होतो आणि कलबुर्गीच्या बाजारात तो भाव मिळेलच याची हमी कोणी देत नाही. अशा वाकड्या तराजूत पाण्याचा लिलाव मांडला तर बोली कोण जिंकेल? ज्या उसाला आवर घालण्यासाठी बाजार हवा असे सांगितले जाते, तोच ऊस बाजारात सर्वांत मोठी पिशवी घेऊन उभा राहील. किंमत गरज सांगत नाही, ऐपत सांगते. आणि येथे तर ऐपतही सरकारी दराने ठरलेली आहे.

हंगामापुरतीच विक्री, कायमची नाही, असे महाराष्ट्राचा कायदा म्हणतो. न्यायाने हे सांगितले पाहिजे. त्या कायद्याखाली कालव्याचे मोजून दिलेले पाणी मुख्यतः पाणीवापर संस्थांच्या नावे आहे, एकेकट्या शेतकऱ्याच्या नावे सुटे दिलेले नाही, हेही खरे. वीस वर्षे झाली, तरी असा उघड व्यापार तेथे रुजलेला दिसत नाही. परंतु त्या काळात दुसरेच घडले. धरणातले शेतीचे पाणी शहरांकडे आणि उद्योगांकडे वळविण्याचे निर्णय मंत्र्यांच्या समितीत होत राहिले, आणि २०११ च्या दुरुस्तीने क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकारच प्राधिकरणाकडून काढून मंत्रिमंडळाकडे नेण्यात आला. त्याच वर्षी ९ ऑगस्टला मावळात पवनेच्या बंद नळवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन तिघे दगावले. पाणी जात होते ते शहराला, आणि त्यात विक्रीपत्रही नव्हते. हक्काची नोंद पक्की होण्याआधीच वरच्या हाताने पाणी वळवता येते, हे ज्यांनी पाहिले त्यांना विक्रीचे स्वातंत्र्य देऊ करणे ही थट्टा आहे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

आणि हंगामापुरते म्हणजे काय, हे आपल्या गावांत कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. लग्नासाठी उचल घेतलेला शेतकरी पहिल्या वर्षी एका हंगामाचे पाणी लिहून देतो, दुसऱ्या वर्षी व्याजापोटी देतो, तिसऱ्या वर्षी विचारण्याची पद्धतही उरत नाही. शेत पडीक राहते. त्याला निदान पैसे तरी मिळतात. बटईने तेच शेत कसणाऱ्याला काहीच मिळत नाही, कारण सातबारावर वा पहाणीवर त्याचे नाव नाही. खुरपणीला जाणाऱ्या बाईचा हंगामाचा रोज बुडतो, आणि सौद्याच्या वेळी तिला कोणी बोलावलेलेही नसते. पाण्याच्या विक्रीत विकणारा आणि घेणारा असे दोघेच असतात, ही कल्पनाच शेताच्या बांधावर उभे न राहिलेल्या माणसाची आहे.

येथवर वाचून आपल्यापैकी काहींना समाधान वाटले असेल: म्हणजे जुनेच बरे, जल-तरु-तृणाची सनदच खरी. तसे वाटले असल्यास त्या समाधानाला धक्का देणे मला भाग आहे. त्या सनदेने पाणी जमिनीशी बांधले हे खरे. पण ज्याला जमीन नाही त्याला तिने पाण्यावाचून ठेवले हेही तितकेच खरे. जातीने ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्यांचा हिशेब तर त्या यादीत कोठेच नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांनी ओंजळीत घेतले तेव्हा प्रश्न पाण्याच्या किमतीचा नव्हता आणि जमिनीच्या मालकीचाही नव्हता. तळे सार्वजनिक होते. आपल्या घराण्यांच्या विहिरींवर त्या काळी काय चालत असे, ते आपल्या घरांतील वृद्धांना ठाऊक आहे. सनदेचा अभिमान बाळगायचा तर तिची ही दुसरी बाजूही वाचली पाहिजे. बाजाराला विरोध करण्याचा नैतिक अधिकार नुसत्या वतनदारीतून येत नाही. ज्याने स्वतःच टँकर भरून दिले, त्याला तर मुळीच येत नाही.

तो अधिकार कसा मिळवावा, याचा एक नमुना पुरंदर तालुक्यातील नायगावने दिला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे कारखानदार अभियंते तेथे गेले आणि त्यांनी पाणी पंचायतीची मांडणी केली. तिचे नियम थोडे होते, पण प्रत्येकाने एकेका जुन्या समजुतीला हात घातला. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातील माणसांच्या प्रमाणात मिळेल: माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि योजनेच्या खर्चात प्रत्येकाने आपला हिस्सा घालायचा.

यातील जमीनविक्रीचा नियम पुन्हा वाचावा. साळुंख्यांनीही पाणी जमिनीपासून तोडले! पण बाजारवाल्यांनी ते तोडून खरेदीदाराच्या हाती दिले, आणि त्यांनी ते तोडून माणसाशी बांधले. दोन्हीकडे गाठ सुटते; सुटलेले टोक कोणाच्या हातात जाते, यावर सर्व काही ठरते. भूमिहीनाला पाण्याचा वाटा मिळाला की त्याला कोणाच्या तरी जमिनीशी करार करावा लागतो, आणि जमीनदाराला त्याच्याशी. आयुष्यात प्रथमच तो काही घेऊन बोलणी करायला बसतो. साळुंखे २००२ साली गेले. त्यांच्या सर्वच योजना टिकल्या नाहीत; विजेच्या बिलांनी काही थकल्या, काही ठिकाणी उसाच्या मोहाने नियम मोडले. पण हे अपयश मोजताना ज्या गावी नियमच नव्हते तेथे काय टिकले, तेही मोजावे.

याहून जुना नमुना खानदेशात पांझरा आणि मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीचा. बंधाऱ्याखालचे शिवार फडांत विभागायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सर्वांनी मिळून कोरडा ठेवायचा. तुटवडा आला की तो सर्वांच्या वाट्याला सारखा येतो. लिलावात तुटवडा गरिबाच्या वाट्याला येतो आणि त्याला तेथे कार्यक्षमता असे नाव मिळते.

हे सर्व आपल्याला कोठे लागू करायचे? आपल्याच तालुक्यात कारंजा अडवलेली आहे. त्या जलाशयावर लाभक्षेत्राची शेती आहे आणि बिदर शहराची तहानही आहे. ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, त्यांचा वाढीव मोबदल्यासाठीचा झगडा वर्षानुवर्षे चालत आला. उद्या या पाण्याच्या हक्कदारीची नोंद होऊ लागली, तर पहिले नाव कोणाचे लिहायचे? माझे उत्तर स्पष्ट आहे. प्रथम पिण्याचे पाणी, आणि त्यावर कसलाही सौदा नाही. मग ज्यांची जमीन बुडाली त्यांचा वाटा, मग माणशी वाटा, आणि त्यात बटईदार व भूमिहीन दोघेही. ही नोंद झाल्यावर लाभक्षेत्राच्या आत, एकाच चारीवरच्या लोकांनी, पाळीची अदलाबदल हवी तेवढी करावी. तिला कोणत्याही कार्यालयाची परवानगी लागू नये. मात्र चारीबाहेर पाणी नेणारा प्रत्येक करार गावसभेपुढे यावा आणि खालच्या विहिरीवाल्यांना त्यात नकाराधिकार असावा. शहराला जास्त पाणी लागणार हे मी नाकारीत नाही. ते त्याने राज्यामार्फत, उघडपणे, भरपाई देऊन आणि आपले सांडपाणी शुद्ध करून परत देण्याच्या अटीवर घ्यावे. एकेका कर्जबाजारी शेतकऱ्याला रात्री गाठून घेऊ नये.

हे स्वप्नरंजन आहे असे म्हणणाऱ्यांना मी आमच्या विहिरीवर येण्याचे निमंत्रण देतो. २०१६ नंतर दोन वर्षे आम्हां वाटेकऱ्यांत बोलणे नव्हते. नंतर चुलत्यांच्या तेराव्याला एकत्र जमलो तेव्हा जुना कागद पुढे ठेवून नवा लिहिला. आता त्यात दिवसांऐवजी मोटारीचे तास आहेत. होळीनंतर ते निम्मे होतात. पाळी वाटेकऱ्यांत उसनी देता येते, टँकरला देता येत नाही. कागदाच्या तळाशी ओढ्याकाठच्या त्या घरांसाठी रोज सकाळचा एक तास लिहिला आहे. हा पाचवा वाटा लिहिताना सर्वांत जास्त वाद झाला आणि एका घराने अजून त्याखाली सही केलेली नाही. तास मात्र सुरू आहे.

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी विहिरीच्या पाळ्यांचे असे कागद असतील, त्यांनी ते पुढील बैठकीस आणावेत, अशी विनंती आहे. मोडी वाचता येत नसल्यास संकोच करू नये. मी वाचून देईन. माप दिवसांचे आहे की पाण्याचे, एवढेच प्रथम पाहू.